मोठ्या सहा सिलिंडरी इंजिनाची फेरेमर्यादा आणि नव्या हेडचा हिशेब



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या गाड्या गॅरेजला लागतात. कोणाचे हाफ इंजिन निघते, कोणाचा पंप कॅलिब्रेशनला जातो, कोणी मुंबईहून हेड मागवतो. या दिवसांत वाहन विभागाकडे येणाऱ्या सभासदांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, हेड मोठ्या व्हॉल्व्हचे टाकले आहे. आता पंपाचा मॅक्स स्क्रू थोडा सोडला तर गाडी पळेल ना?" प्रश्न रास्त आहे. दोन खेपांच्या ठिकाणी तीन झाल्या तर कोणाला नको आहे? परंतु याच स्क्रूपायी मागील काही हंगामांत भर थळात ट्रक उभे राहिले, ब्लॉकला भोक पाडून कनेक्टिंग रॉड बाहेर आले आणि उसाचे वजन घटत राहिले. तेव्हा या अंकात हा विषय मुळापासून घेण्याचे आम्ही ठरविले आहे.

उदाहरणे मुद्दाम मुंबईची घेत आहोत. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांची हेडे, लायनर, पिस्टन पुष्कळदा तिथूनच येतात. गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसच्या भागात मोटारीच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे, आणि आपले मेकॅनिक त्या वाटा चांगल्या ओळखून आहेत. दुसरे असे की, एका ओळीत सहा सिलिंडर असलेली लहान-मोठी सर्व जातींची इंजिने थोड्या अंतरात पाहायला मिळावीत अशी जागा दुसरी नाही. परळचा रेल्वे कारखाना, रस्त्यावरच्या बस आणि ट्रक, ससून डॉकचे मासेमारी ट्रॉलर, सगळीकडे सहाच सिलिंडर; पण फेरे मात्र वेगवेगळे.

फेरे नव्हे, पिस्टनची धाव मोजा

"टाटाचे इंजिन २८०० फेरे मारते, मग लेलँडचे २४०० वरच का थांबवतात?" असेही विचारले जाते. इथेच पहिली गफलत होते. नुसत्या फेऱ्यांवरून इंजिनावर किती ताण येतो ते कळत नाही. पिस्टन सिलिंडरात खाली-वर किती धावतो ते पाहावे लागते. हिशेब सोपा आहे. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि साठाने भागा. उत्तर येते ते पिस्टनची सरासरी धाव, सेकंदाला इतके मीटर.

आधी आपल्या मळ्यातले उदाहरण घेऊ. विहिरीवर ६५० फेऱ्यांचे जुने लिस्टर पद्धतीचे आडवे-तिडवे वजनदार इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा डुकडुक आवाज आठवेल. त्याचा स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मि.मी. पिस्टनची धाव होते सेकंदाला जेमतेम ३ मीटर. बापाने घेतलेले इंजिन मुलाने चालविले, त्यातले रहस्य हेच. गडी आरामात चालत होता.

आता परळला जाऊ. परळचा रेल्वे कारखाना १८७९ सालचा, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळातला. आधी वाफेची आणि पुढे डिझेलची इंजिने या कारखान्यात वर्षानुवर्षे खोलली आणि जोडली गेली. नेरळ-माथेरानची छोटी इंजिनेही इथे तयार झाली. डब्यांची जुळवाजुळव करणारे डब्ल्यू.डी.एस.-६ जातीचे शंटिंग इंजिनही इथे बांधले गेले आहे. त्याच्या पोटात अमेरिकन आल्को कंपनीच्या २५१ नमुन्याचे, एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे इंजिन असते. अकोला-खंडव्याच्या मीटरगेजवर जी वाय.डी.एम.-४ धावत असे तिचेही इंजिन याच घराण्यातले. बोअर ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. एकेका सिलिंडरची पोकळी जवळजवळ ११ लिटर, म्हणजे आपल्या टाटा ट्रकच्या सहाही सिलिंडरांच्या बेरजेच्या दुपटीहून जास्त. ताकद १४०० अश्वशक्ती. आणि कमाल फेरे? अवघे १०००. गाडीच्या मानाने हे इंजिन पेंगते आहे असेच कोणालाही वाटेल. पण हिशेब करा: पिस्टनची धाव येते सेकंदाला ८.९ मीटर.

लेलँडच्या ४०० नमुन्याचा स्ट्रोक १२०.६५ मि.मी. २४०० फेऱ्यांना धाव ९.६५ मीटर. मोठे लेलँड ६८०, स्ट्रोक १४६ मि.मी., २००० फेऱ्यांना ९.७ मीटर. टाटा ६९७, स्ट्रोक १२० मि.मी., २८०० फेऱ्यांना ११.२ मीटर. पुण्याच्या कोथरूडला १९६२ साली निघालेल्या किर्लोस्कर कमिन्सचे एन.टी. ८५५ घ्या. स्ट्रोक सहा इंच. रस्त्यावरच्या गाडीत २१०० फेऱ्यांना धाव १०.७ मीटर. तेच इंजिन वीज निर्मितीच्या सेटवर १५०० ला बांधलेले असते, कारण ५० सायकलची वीज चार पोलच्या अल्टरनेटरमधून काढायची तर १५०० च फेरे हवेत. तिथे धाव ७.६ मीटर. म्हणून सेटवरचे इंजिन गाडीतल्या इंजिनापेक्षा जास्त तास देते. ट्रॉलरवर इंजिन बसवितानाही फेरे कमी बांधतात, कारण तिथे उतार नाही, क्लच दाबून विसावा नाही. तासन्तास एका ओढीने चालायचे.

म्हणजे ६५ लिटरचे रेल्वेचे धूड असो की पावणेपाच लिटरचे टाटा, बनविणाऱ्याने प्रत्येकाला ९ ते ११ मीटरच्या आसपास आणून थांबविले आहे. फेरे वेगळे दिसतात, ताण सारखाच. स्ट्रोक लांब तितके फेरे कमी. यात टाटा आधीच सर्वांत वरच्या पायरीवर आहे, आणि स्क्रू सोडायची हौसही टाटावाल्यांनाच जास्त, हे आमच्या पाहण्यातले आहे.

मर्यादा कोण घालतो?

पिस्टन वर जातो, थांबतो, उलट फिरून खाली येतो. दर फेऱ्यात दोनदा थांबणे आणि दोनदा सुटणे. या थांबण्या-सुटण्याचा सगळा झटका कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग सोसतात. टाटाचा हिशेब करून पाहिला. २८०० फेऱ्यांना वरच्या टोकाशी पिस्टन उलटताना जो ओढा बसतो तो पिस्टनच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेसहाशे पटींहून अधिक भरतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून दीड किलो धरले तर ओढा झाला एक टन. मिनिटाला २८०० वेळा एका रॉडच्या दोन बोल्टांवर एक टन उचलायचा!

आता स्क्रू सोडून ३४०० फेरे केले. फेरे वाढले २१ टक्के. पण ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो वाढला ४७ टक्के. एक टनाचा जवळजवळ दीड टन झाला. बैलगाडीत दीड पट ऊस भरून बैलालाही दुडक्या चालीने पळायला लावले तर जू किती दिवस टिकेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरी मर्यादा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची. कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, मिटविण्याचे काम स्प्रिंगचे. फेरे हद्दीबाहेर गेले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर परत आणता येत नाही. व्हॉल्व्ह लोंबकळतो आणि खालून येणारा पिस्टन त्याला भेटतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये वरच्या टोकाला मिलिमीटरभराचीच जागा असते. पुशरॉड वाकणे, व्हॉल्व्हची मुंडी तुटून सिलिंडरात पडणे हे सगळे इथून सुरू होते.

तिसरी गोष्ट मोठ्या सहा सिलिंडरी इंजिनाची खास आहे. सहा सिलिंडर एका ओळीत असले की इंजिन फार समतोल चालते, हादरे कमी देते. म्हणून तर जगभर ही बांधणी आवडती झाली. पण क्रँक लांब होतो. लांब क्रँकला प्रत्येक स्फोटाबरोबर पीळ बसतो आणि सुटतो, ओला पंचा पिळावा तसा. काही ठराविक फेऱ्यांना हा पीळ आणि स्फोटांचा ताल जुळतो आणि क्रँक आतल्या आत थरथरतो. बाहेर बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो थरथराट मारण्यासाठी पुढच्या टोकाला डँपर असतो आणि तो कामाच्या फेऱ्यांपुरताच बेतलेला असतो. कमाल फेऱ्यांच्या वर दुसरा ताल दबा धरून बसलेला असू शकतो. क्रँक तुटला की "माल हलका निघाला" म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. कधी ते खरेही असते, कधी स्क्रू कारण असतो.

मग हेड काय करते?

हेड हे इंजिनाचे नाक आहे. जितकी हवा आत जाईल तितके डिझेल स्वच्छ जळेल आणि तितकी ताकद मिळेल. मोठे व्हॉल्व्ह, गुळगुळीत आणि नीट वळणाची पोर्टे, चार व्हॉल्व्हची रचना यांनी वरच्या फेऱ्यांना हवा कमी पडत नाही. हा फायदा खरा आहे, नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर सांगितलेल्या तीन मर्यादांपैकी रॉड आणि क्रँक या दोन तर हेडच्या खाली, ब्लॉकमध्ये आहेत. नवे हेड बसविल्याने त्यांना काही कळत नाही. राहिली स्प्रिंग. तिथे तर मोठ्या व्हॉल्व्हने उलटेच होते: व्हॉल्व्ह जड झाला आणि स्प्रिंग जुनीच राहिली, तर तो आधीपेक्षा लवकर लोंबकळतो.

इंजिन बनविणारे स्वतः ताकद कशी वाढवितात ते पाहण्यासारखे आहे. लेलँडने आपल्या ६८० चे 'पॉवर-प्लस' रूप आणले तेव्हा ताकद १५० वरून २०० अश्वशक्तीवर गेली, म्हणजे एक तृतीयांश वाढ. फेरे मात्र २००० वरून २२०० केले, फक्त दहा टक्के. या घराण्यातली इंजिने मुंबईकरांनी डॉ. आंबेडकर रस्त्यावर दादर, परळ, लालबाग असा डोलत जाणाऱ्या टायटन दुमजली बसमध्ये ऐकली आहेत. (१९३७ साली सुरू झालेल्या 'बेस्ट'च्या दुमजली सेवेतली शेवटची डिझेल बस १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली. आता विजेच्या दुमजली धावतात.) त्या रस्त्याला दर शे-दोनशे पावलांवर थांबा किंवा सिग्नल. तिथे कमाल फेऱ्यांचा उपयोगच नाही. पूर्ण भरलेली बस उभ्या जागेवरून उचलणारी खालच्या फेऱ्यांची ओढ पाहिजे. उसाने भरलेला ट्रक शेतातून बाहेर काढताना हेच लागते.

रेल्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. आल्कोच्या त्याच ९ इंची सिलिंडरांची, पण सोळा सिलिंडरांची इंजिने मोठ्या गाड्यांना असत. जुन्या डब्ल्यू.डी.एम.-२ ची ताकद २६०० अश्वशक्ती, फेरे १०००. पुढे डब्ल्यू.डी.एम.-३ए मध्ये तीच ३१०० वर नेली. एकोणीस टक्के ताकद वाढली आणि फेरे केले १०५०. पाच टक्के! वाढ आली ती प्रामुख्याने चांगल्या टर्बोतून आणि डिझेल पंपाच्या सुधारणेतून. कमिन्सच्या एन.टी. नंतर एन.टी.ए. आले त्यात टी म्हणजे टर्बो आणि ए म्हणजे हवा थंड करणारा आफ्टरकूलर. जनरेटर सेटवर त्यानेही ताकद वाढली, फेरे पंधराशेचे पंधराशेच. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, पगारी इंजिनियर आहेत, ते फेऱ्यांना इतक्या जपून हात लावतात. आपण नाक्यावर पान्ह्याने लावतो.

फेरे वाढवूनही मिळते काय, हाही प्रश्न आहे. २८०० फेऱ्यांना पिस्टनच्या एका धावेला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग मिळतो. तेवढ्यात डिझेल फवारून, हवेत मिसळून जळायचे. फेरे वाढले की वेळ आणखी कमी. न जळलेले डिझेल धूर होऊन जाते. शिवाय इंजिनाची ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, ती कमाल फेऱ्यांच्या साठ टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. म्हणजे ट्रक ओढत नाही म्हणून फेरे वाढविणे हे औषध रोगाच्या उलटे आहे.

हेडची एक गमतीची हकीकत इथे सांगतो. गॅस्केट उडण्याची कटकटच नको म्हणून ब्रिटिश लेलँडने १९६० च्या दशकाच्या अखेरीस '५००' नावाचे सहा सिलिंडरी इंजिन काढले. त्यात हेड आणि ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात. हेड उतरतच नाही! कागदावर कल्पना नामी होती. पण व्हॉल्व्हचे काम करायचे तर सगळे इंजिन खालून उपसावे लागे. मेकॅनिक लोकांनी हात टेकले आणि ते इंजिन दहा-बारा वर्षांत बंद पडले. उतरणारे हेड आणि त्याचे गॅस्केट ही कटकट असली तरी ती आपल्या हातातली कटकट आहे.

मुंबईहून हेड आणताना

जुने हेड स्वस्तात मिळते, पण पाहून घ्यावे लागते. पाण्याच्या दाबाची चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भेग बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये किंवा नोझलच्या भोकाजवळ असते आणि ती डोळ्यांना दिसतेच असे नाही. फेसिंग किती वेळा मारले आहे ते जाडी मोजून पाहावे. जास्त फेसिंग मारलेल्या हेडमुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो आणि नोझलचे टोक आत जास्त डोकावते. व्हॉल्व्ह हेडच्या सपाटीपासून किती आत बसतात ते डेप्थ गेजने मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडावे. नवे गाईड आणि नव्या स्प्रिंगा यांत कंजुषी करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जात ओळखावी. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले तेव्हा त्यांतल्या ओ.एम. ३१२ इंजिनाच्या हेडमध्ये डिझेल पेटण्यासाठी वेगळी छोटी कोठडी असे. पुढची इंजिने थेट फवारणीची, म्हणजे डी.आय. झाली. डिझेल सरळ पिस्टनच्या वाटीत फवारले जाते. त्यामुळे हेड, पिस्टन, नोझल आणि पंपाचे टायमिंग हा चौघांचा संसार आहे. त्यातला एक बदलून चालत नाही. बोल्ट बसले म्हणून हेड बसले असे होत नाही.

आणखी एक सावधगिरी. पावसाळ्यात परळ-दादरच्या दरम्यान हिंदमाताला पाणी तुंबते हे आपण दरवर्षी ऐकतो. तशा पाण्यात घातलेल्या गाडीने हवेच्या वाटेने पाणी ओढले तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. तो थोडाच वाकला तर इंजिन पुढे चालतेही. असे इंजिन विकायला आले तर वरून झकास दिसते. म्हणून अख्खे जुने इंजिन घेताना प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून ब्लॉकच्या सपाटीपासून उंची मोजावी. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर तो रॉड वाकलेला समजावा.

गव्हर्नर असूनही इंजिन का फुटते?

हा भाग चालकांना मोठ्याने वाचून दाखवावा अशी विनंती आहे. गव्हर्नर काय करतो? फेरे हद्दीला आले की डिझेल तोडतो. बस्स. चढावर किंवा सपाटीवर तेवढे पुरते. पण साखर भरून मुंबईला निघालेला ट्रक खंडाळ्याचा घाट उतरतो तेव्हा इंजिन चाकांना फिरवीत नाही, चाके इंजिनाला फिरवितात. गव्हर्नरने डिझेल शून्य केले तरी वीस-पंचवीस टनांचा उतारावरचा रेटा फेरे वाढवीतच राहतो. समजा चौथ्या गिअरमध्ये इंजिन २००० फेऱ्यांवर आहे आणि चालकाने ब्रेक तापले म्हणून घाईने तिसरा टाकला. तिसऱ्याचे गुणोत्तर चौथ्याच्या १.७ पट असेल तर त्या क्षणी इंजिन ३४०० वर जाते. स्क्रूला कोणी हात न लावताही मघाचा तो दीड टन तिथे हजर.

म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्याआधी टाकावा. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर वापरावा, बंद पडला असेल तर हंगामापूर्वी दुरुस्त करावा.

रेल्वेच्या इंजिनाला गव्हर्नरखेरीज वेगळी ओव्हरस्पीड ट्रिप असते. कमाल फेऱ्यांच्या साधारण दहा टक्के वर गेले की ती इंजिन बंदच करते. मिलच्या वाफेच्या टर्बाइनवरही अशीच सोय असते, हे आपल्या कामगार बंधूंना ठाऊक आहे. ट्रकला अशी ट्रिप नसते, आणि असती तरी गिअरमध्ये असलेल्या गाडीला तिने अडविले नसते.

इथे एक गैरसमजही दूर करू. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या व्यावसायिक गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला आहे. ती गाडीच्या वेगाची मर्यादा आहे, इंजिनाच्या फेऱ्यांची नव्हे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० नेही इंजिन फुटू शकते. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांत फेऱ्यांची हद्द संगणकात बांधलेली असते, स्क्रू नाही. "चिप बदलून देतो" म्हणणारे तिथेही भेटतात, आणि हिशेब तोच लागू पडतो. ट्रॅक्टरचे सिलिंडर तीन-चारच असले तरी दोन ट्रॉल्या मागे लावून उतारावर न्यूट्रल टाकणे आणि मग घाईने गिअर घालणे हा तोच खेळ आहे.

ज्या सभासदांनी या उन्हाळ्यात हेड बदलले आहे त्यांनी पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर तपासून घ्यावा, मॅक्स स्क्रूला सील मारून घ्यावे आणि बाकाचा कागद जपून ठेवावा. हेडचे नट मधल्यापासून कडेकडे, पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्क पान्ह्यानेच आवळावेत. पहिल्या एक-दोन खेपांनंतर, ज्या इंजिनाच्या पुस्तकात तसे सांगितले असेल त्याचे नट पुन्हा तपासून टॅपेट सेट करावेत. फेरे मोजायचे यंत्र वाहन विभागात आहे. रिकामी गाडी, इंजिन गरम, पेडल पूर्ण दाबून आलेला आकडा ठरलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा थोडा वर येतो, ते गव्हर्नरच्या स्वभावातच आहे. पण टाटा ६९७ वर हा आकडा ३१०० च्या पुढे गेलेला दिसला तर गाडी भरायला न लावता आधी पंपवाल्याकडे न्यावी.